उंबऱ्याच्या आतली चप्पल

पत्र:

काकू, नमस्कार. आम्ही नागपुरात कोराडी रोडवर तिसऱ्या मजल्यावर राहतो. घरात सासूबाई, मी, माझे यजमान आणि दहा महिन्यांची मुलगी. आईंना चौदा वर्षांपासून शुगर आहे. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी पाय तपासले, तर दोन्ही तळव्यांना बऱ्याच ठिकाणी काही लागलेलं कळतच नाही असं निघालं. घरातसुद्धा अनवाणी फिरायचं नाही, असं त्यांनी बजावून सांगितलं. मी त्याच दिवशी येताना चप्पल घेऊन आले, निळ्या पट्ट्यांची साधी रबरी. आई म्हणाल्या, "काय बोलून राहिली तू? देव आहेत घरात. चाळीस वर्षांत माझ्या घरात कोणी चप्पल चढवली नाही, आता मीच चढवू?" चप्पल तशीच बाल्कनीत पडून आहे. नणंदेला फोनवर सांगूनही झालं, की सून मला घरात चपला घालायला लावून राहिली.

आणि हे मात्र गाडीची किल्ली विसरली की जोड्यांसकट बेडरूमपर्यंत जातात. म्हणे "दोनच पावलं". बाळ रांगतं, दिसेल ते तोंडात घालतं. ह्यांना आई काही म्हणत नाहीत. एक गोष्ट लिहायला लाज वाटते. आमच्या सगळ्यांच्या चपला दाराशी असतात, पण कामाला येणाऱ्या मावशींना आई खाली जिन्याखाली चप्पल काढून वर यायला लावतात. मी काय करू? हट्ट धरू, की सोडून देऊ?
— कोराडी रोडची एक सून

उत्तर:

काकू म्हटलंस, म्हणून तुला 'तू'च म्हणते.

आईंच्या पायांचं सोडून देऊ नकोस. बाकीच्या गोष्टी दोन महिने लांबल्या तरी चालतील, ही नाही. शुगर बरीच वर्षं राहिली की नसा झिजतात, आणि सगळ्यात लांबच्या, म्हणजे पायाच्या बोटांकडच्या नसा आधी जातात. डॉक्टरांनी बहुतेक नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला टेकवून "कळतं का?" असं विचारलं असेल. तो तंतू दहा ग्रॅमच्या दाबाला वाकतो. तेवढा दाब जिथे कळत नाही, तिथे काच रुतली तरी कळेल याचा भरवसा नाही. तुला-मला खडा टोचला की पाय आपोआप उचलला जातो. आईंचा उचलला जाणार नाही. त्या तोच खडा पायाखाली घेऊन देवघर ते स्वयंपाकघर दिवसभर चालतील. त्यातून जखम झाली तर ती लवकर भरत नाही, कारण अशा पायांत बऱ्याचदा रक्तही कमीच पोचतं. म्हणून मधुमेही पायांसाठी ज्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आहेत, त्यांत साफ लिहिलंय: अशा माणसाने घरात काय आणि बाहेर काय, अनवाणी चालू नये, नुसत्या मोज्यांवर चालू नये, पातळ तळाच्या सपातांवरही चालू नये. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं नाही.

मला हे कळलं ते आमच्याच घरात. महालातल्या घरी बाबांनी जन्मभर चप्पल ओट्यावर काढली, आणि आम्हाला त्याचा अभिमान होता. त्यांनाही शुगर. मे महिना होता. नागपूरचा मे तुला काय सांगायचा! २०१३ साली तर २३ मे रोजी इथला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. आईने गच्चीवर सरगुंडे आणि कुरडया वाळत घातल्या होत्या. दुपारी वावटळ उठली तसे बाबा अनवाणीच वर गेले. जुन्या लुगड्यावरचं वाळवण सावकाश गोळा केलं, चार कोपऱ्यांवरचे दगड उचलून कठड्याला लावून ठेवले आणि खाली येऊन कूलरसमोर बसले. एक शब्द बोलले नाहीत, कारण त्यांच्या लेखी काही झालंच नव्हतं. संध्याकाळी आईला शहाबादी फरशीवर पावलांचे ओले ठसे दिसले. कूलरचं पाणी सांडलं असेल म्हणून तिने फडकं घेतलं, तर फडक्याला लागलं ते चिकट. तळव्यांचे फोड फुटून गळत होते आणि बाबा त्याच पायांनी घरभर फिरत होते. जखमा चार महिने भरल्या नाहीत. डाव्या पायाची दोन बोटं गेली. आजही फरशीवर ओलं पाऊल दिसलं की मी वाकून हात लावून बघते.

आता आईंची बाजू. ती मला तुझ्या बाजूइतकीच जवळची आहे, आणि तिला अडाणीपणा म्हणायला माझी जीभ वळत नाही. त्यांच्या पिढीने सारवलेल्या जमिनीची घरं पाहिली आहेत. सारवलेली भुई चपलेच्या टाचेने उखडते, पोपडे निघतात, आणि पुन्हा शेण कालवून बसावं लागतं ते घरातल्या बाईलाच. त्याच भुईवर पाट मांडून जेवायचं, तिथेच पापड लाटायचे, तिथेच गोधडी अंथरून लेकराला निजवायचं. बाहेर आपली काळी माती. पावसाळ्यात ती फुगते आणि तळाला अशी धरते की एकेक जोडा शेरभर जड होतो. म्हणून दाराशी पाण्याची बादली, पाय धुवायचे आणि मग आत यायचं. पुढे शहाबादी आली, मोझॅक आलं, आता टाइल्स आल्या, पण बाहेरचं बाहेर आणि आतलं आत ही रेघ आईंनी चाळीस वर्षं कोणी न सांगता सांभाळली. सून म्हणून आल्या तेव्हा ती त्यांनी कोणाकडून तरी घेतली असणार. त्यांच्या घरातला त्यांचा मान त्या रेघेत आहे.

आणि त्या रेघेच्या आत तू आणलीस निळ्या पट्ट्यांची रबरी चप्पल. रागावू नकोस, पण आपल्याकडे ती चप्पल कुठे असते? संडास-बाथरूमच्या दाराशी. तू औषध आणलंस हे आईंना दिसलंच नाही. बाथरूमची चप्पल घालून देवासमोर उभी राहा, असं सुनेने सांगितलं, एवढंच दिसलं. त्यांच्या जागी मीही नाही म्हटलं असतं.

म्हणून आधी ती बाल्कनीतली चप्पल तिथून हलव, बाथरूमसाठी वापरून टाक. आईंसाठी जी आणायची ती वेगळी असू दे, दिसायलाही. आणि त्यांना विचार, आई, तुम्ही मनाई कशाला केली होती, पायात काही घालायला, की रस्त्यावरची घाण घरात आणायला? जी वहाण कधी उंबऱ्याबाहेर गेलीच नाही, तिला रस्ता लागला कुठे? ती गादीसारखी, पाटासारखी घरातली वस्तू झाली. घरात पायात काही घालणं आपल्याला नवीनही नाही. जुन्या वाड्यांत सोवळ्यातली माणसं न्हाणीतून देवघराकडे जाताना खडावा घालत. पादुकांची तर आपण पूजा करतो. हे वाद जिंकायला म्हणून सांगू नकोस, भाजी निवडताना सहज सांग. आणि नियम त्यांच्याच हाती राहू दे: ही चप्पल दाराबाहेर गेली तर परत आत यायची नाही, आणि यावर लक्ष आई ठेवतील. बघ, त्या तुझ्यापेक्षा कडक निघतील.

खडाव्यांचं बोलले म्हणून खऱ्या लाकडी खडावा आणू नकोस. ॲक्युप्रेशरच्या टोकाटोकांच्या चपलाही नकोत. बधिर पायाला ती टोकं घातक आहेत. सर्जिकल सामानाच्या दुकानात 'एमसीआर चप्पल' माग. धंतोली, रामदासपेठेत दवाखान्यांच्या आसपास विचारलंस तर मिळेल. हे मऊ, बारीक छिद्रांचं रबर असतं. या चपला आपल्या देशात पुढे आल्या त्या कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांसाठी, तमिळनाडूत वेल्लोरच्या बाजूला झालेल्या कामातून. कुष्ठरुग्णांसाठीचं आनंदवन आणि दत्तपूर ज्या आपल्या विदर्भाच्या मातीत उभं राहिलं तिथल्या माणसाला बधिर पाय म्हणजे काय हे वेगळं समजवावं लागू नये. आतून मऊ, खालून टणक आणि न घसरणारी अशी बघ. अंगठ्याच्या खाचेत जाणारी पट्टी नको, ती तिथे घासते आणि आईंना कळणार नाही. मागे टाचेला पट्टा हवाच, नाहीतर चप्पल पायातून निसटली तरी त्या तशाच चार पावलं पुढे जातील. पहिल्या दिवशी अर्धा तास घालू दे, मग चप्पल काढून पायावर लाल डाग पडलाय का बघ, मगच वेळ वाढव. आधी कधी जखम झाली असेल किंवा पायाचा आकार बदलला असेल, तर दुकानातली तयार चप्पल घेऊ नकोस, डॉक्टरांना विचारून मापाची करून घे.

देवघरात मात्र त्यांना चप्पल घालायला सांगू नकोस. ते त्यांच्याकडून होणार नाही, आणि तेवढ्यावरून सगळंच फिसकटेल. देवघराच्या तोंडाशी एक पक्की खुर्ची ठेव. तिथे बसून चप्पल काढायची, आणि तिथून पाटापर्यंत जाड सतरंजी अंथरलेली असावी, म्हणजे पाऊल फरशीला लागणार नाही. सतरंजीवरून रोज सकाळी तू हात फिरव. देवघराजवळची जमीन दिसते तेवढी निर्धोक नसते. अगरबत्तीचं गळलेलं जळतं टोक, काडीपेटीची अर्धवट विझलेली काडी, निरांजनातलं तापलेलं तूप, फुलांच्या हारातली तार, सगळं तिथेच पडतं. डॉक्टरांना ही तडजोड सांगून ठेव. आणि आई कोराडीच्या देवीला किंवा टेकडी गणपतीला जात असतील, तर मार्च ते जूनमध्ये उन्हं चढायच्या आत जाऊन या, पायात जाड पांढरे सुती मोजे घालून. मोजे तापलेल्या फरशीपासून पुरतं राखत नाहीत हे लक्षात असू दे. पांढरे एवढ्यासाठी, की डाग पडला तर लगेच दिसतो.

रात्री झोपण्यापूर्वी पाय बघायचे. आईंना वाकून तळवा दिसणार नाही, म्हणून हे काम तुझं किंवा तुझ्या नवऱ्याचं. टॉर्च घे, बोटांच्या बेचक्या उघडून बघ, टाचेच्या भेगा बघ, तळव्यावरून हात फिरव. एखादी जागा दुसरीपेक्षा गरम लागली तर तीही खूण आहे. खोबरेल लावलंस तर तळव्याला आणि टाचेला लाव, बोटांच्या मध्ये नको, तिथे ओल राहते. दुखऱ्या पायांना गरम पाण्यात बुडवून बसायची सवय असेल तर ती आजच बंद. फोड, चिरा, रंग बदललेली जागा, काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. हळद लावून दोन दिवस वाट बघायची नाही.

तुझ्या नवऱ्याचं म्हणशील तर त्याला माझा निरोप सांग: ती दोन पावलंच सगळ्यात वाईट. खालून येताना तो रस्ता, पार्किंग आणि जिना तुडवून येतो. आपल्या नागपुरातले जिन्यांचे कोपरे तुला माहीत आहेत, खर्ऱ्याच्या पिचकाऱ्या तिथे वाळतात आणि धूळ होऊन जोड्यांना लागतात. रस्त्याकडेच्या मातीत शिसंही असतं. आपल्या देशात शिसं घातलेलं पेट्रोल २००० साली बंद झालं, पण मातीत मुरलेलं शिसं कुठे जात नाही. लहान मुलाच्या रक्तात इतकं शिसं असलं तर चालतं, अशी कोणतीही पातळी नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाळ जमिनीपासून वीतभर उंचीवर जगतं आणि तिचा हात सारखा तोंडात जातो. बेडरूमच्या त्या दोन पावलांवरूनच ती दुपारी रांगत जाते. किल्लीसाठी दाराच्या आतल्या बाजूला, उंबऱ्यावरून हात पोचेल असा खिळा ठोका. वाद कमी होतील. दाराबाहेर काथ्याचं खरखरीत पायपुसणं, आत सुती, आणि दोन्ही आठवड्याला झटकायची, धुवायची. आणि मुलगा जोड्यांसकट आत आला तर चालतं, सुनेने आणलेली नवी चप्पल मात्र बाटते, हे आईंना त्याने स्वतः येऊन सांगायला हवं, की आई, आजवर चूक माझी होती. ते तू सांगितलंस तर भांडण होईल.

फरशीबद्दल दोन गोष्टी. कोराडी आणि खापरखेडा ही कोळशावरची दोन वीज केंद्रं तुमच्याच बाजूला आहेत, खिडकीच्या चौकटीत बसणारी बारीक करडी धूळ तू रोज पुसतच असशील. ती कोरडी झाडली की उडते आणि तासाभराने परत खाली बसते. पंखा-कूलर बंद करून हलक्या हाताने झाडायचं, आणि खरा भर ओल्या पोछ्यावर द्यायचा. दोन खोल्यांनंतर बादलीतलं पाणी बदललं नाही, तर पहिल्या खोलीची घाण तिसऱ्या खोलीत सारवली जाते. फिनेल बाटलीवर लिहिलंय तेवढंच घाल, वास जास्त म्हणजे स्वच्छता जास्त असं नसतं. बाळ रांगतं तिथे शेवटचा हात साध्या पाण्याचा फिरव. शहाबादी, कोटा किंवा मोझॅक असेल तर डाग काढायला ॲसिड वापरू नकोस, ते दगड चुन्याचे असतात, ॲसिड त्यांना खातं. ॲसिड आणि ब्लीचिंग कधीच एकत्र नको, त्यातून विषारी वायू निघतो. पोछा उन्हात कडकडीत वाळव. आणि आई उठून चालायच्या आत फरशी कोरडी झालेली हवी. ओल्या टाइल्सवर चांगली चप्पलही घसरते, या वयात खुब्याचं हाड मोडलं तर पायाच्या जखमेइतकंच जड जातं. कूलरचा पाइप गळत असेल तर आज दुरुस्त करून घे.

राहिल्या मावशी. हे तू शेवटी आणि लाजत लिहिलंस, म्हणून मी याला दोन ओळींत उरकणार नाही. आईंच्या बाकीच्या नियमामागे मला सारवलेली भुई दिसते, काळी माती दिसते. यामागे तसं काही दिसत नाही. मावशींची चप्पल त्याच रस्त्यावरून येते ज्यावरून तुझ्या नवऱ्याचे जोडे येतात. मग ती तीन मजले खाली का? याला जात म्हणतात, आणि घरात बाळ मोठं होतंय ते हे बघत. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेले गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा घेऊन गाव झाडत आणि रात्री कीर्तनात लोकांच्या मनातली घाण काढत. आईंच्या पिढीला ते चांगले माहीत आहेत. माझी आजी त्यांचं नाव घेताना हात जोडायची. आईंना या गोष्टीत तडजोड विचारू नकोस. पायांच्या बाबतीत आपण त्यांची समजूत घालतोय, कारण पाय त्यांचे आहेत. इथे अपमान दुसऱ्याच बाईचा होतोय. उद्या मावशी आल्या की तुझ्या नवऱ्याने दार उघडावं आणि म्हणावं, "मावशी, चप्पल इथेच ठेवा, आमच्यासोबत." मुलानेच म्हटलं की आई दाराशी वाद घालणार नाहीत. मागून काही बोलल्या तर तू ऐकून घे, पण चप्पल परत खाली जाऊ देऊ नकोस. तीन जिने अनवाणी चढून, मग फिनेलच्या पाण्यात अनवाणी फरशी पुसणाऱ्या त्या बाईच्या पायांना भेगा आहेत का, हे तू कधी बघितलंयस? आईंसाठी घरातली चप्पल घेशील तेव्हा मावशींसाठीही न घसरणारी एक घे, त्यांच्या मापाची, त्यांना विचारून.

नणंदेचा फोन झालाय हे बरंच झालं. आता तू तिला फोन कर. तक्रार करू नकोस, डॉक्टरांनी तंतू टेकवला तेव्हा आईंना काय काय कळलं नाही ते एकेक जागा धरून सांग. चप्पल तिच्याच हातून येऊ दे. सुनेने आणलेली चप्पल बाल्कनीत पडते, लेकीने आणलेली बहुतेक पायात जाईल, आणि यात तुझं काही कमी होत नाही. तिला माप पाठवायला आईंचं पाऊल कागदावर आखून घे. सकाळी आखू नकोस. दिवस उतरेपर्यंत पाय थोडे सुजतात आणि सकाळच्या मापाची चप्पल रात्री काचते. संध्याकाळी, उभं करून, दोन्ही पावलं वेगवेगळी आख, दोन्ही सारखी नसतात.